दहा मिनिटांची खरी उसंत

काम करून डोकं जड झालं की हात आधी फोनकडे जातो. चहा सांगितला जातो आणि तो येईपर्यंत अंगठा स्क्रीनवर फिरत राहतो. पुन्हा कामाला बसताना थकवा होता तेवढाच असतो, आणि सुट्टी फारच छोटी होती असं वाटतं. पण दोष बहुतेक वेळा मिनिटांचा नसतो. तेवढ्या वेळात मेंदूला थांबायलाच मिळालेलं नसतं.

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली हे तपासलं. ४१४ विद्यार्थ्यांना विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द शोधायची कोडी दिली. काहींना मध्ये विश्रांती दिली, काहींना दिली नाही. विश्रांतीत करायचं काम एकच होतं, साधन मात्र वेगवेगळं : कुणाला कागद, कुणाला संगणक, कुणाला मोबाइल. मोबाइलवाल्यांना पुढची कोडी सोडवायला इतर विश्रांतीवाल्यांपेक्षा सरासरी १९ टक्के जास्त वेळ लागला, आणि सुटलेली कोडीही २२ टक्के कमी. विश्रांतीच न घेतलेल्यांइतकीच त्यांची गत झाली.

रिकाम्या क्षणात मेंदू काय करतो, हे याहून विलक्षण आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत उजव्या हाताच्या माणसांना डाव्या हाताने ४१३२४ हे आकडे त्याच क्रमाने, जमेल तितक्या वेगाने टाइप करायला सांगितलं. दहा सेकंद टायपिंग, दहा सेकंद विसावा, पुन्हा टायपिंग. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेग वाढला खरा, पण ती वाढ बोटं चालू असताना होत नव्हती, मधल्या विसाव्यात होत होती! पुढे २०२१ साली मेंदूतली सूक्ष्म चुंबकीय स्पंदनं मोजल्यावर कारण कळलं. बोटं थांबली की मेंदू तोच क्रम सुमारे वीसपट वेगाने पुन्हा पुन्हा गिरवत होता. ही उजळणी ज्यांच्यात जास्त, त्यांची प्रगतीही जास्त.

एडिंबरा इथल्या २०१२ च्या प्रयोगात ज्येष्ठ नागरिकांना छोट्या गोष्टी ऐकवल्या होत्या. गोष्टीनंतर दहा मिनिटं डोळे मिटून शांत बसलं की ती सात दिवसांनीही जास्त आठवे. लगेच चित्रांतले फरक शोधायचा खेळ खेळलं की कमी. खेळ सोपा होता, तरीही. अभ्यास करणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं. धडा संपल्यावर खिडकीबाहेर पाहत बसलेलं मूल वेळ वाया घालवतंय असं समजून त्याला हटकू नये.

खिडकीबाहेर झाड असेल तर उत्तमच. मेलबर्नमधल्या संशोधकांनी २०१५ साली विद्यार्थ्यांना कंटाळवाण्या कामाच्या मध्ये हिरवळ लावलेल्या गच्चीचं चित्र फक्त ४० सेकंद दाखवलं. काँक्रीटची गच्ची पाहिलेल्यांपेक्षा त्यांच्या चुका कमी झाल्या.

अर्थात मर्यादा आहेत. दहा मिनिटांपर्यंतच्या विश्रांतीवरचे अनेक अभ्यास २०२२ साली एकत्र तपासले गेले. अशा विश्रांतीने उत्साह वाढतो, थकवा कमी होतो. मात्र डोक्याला ताण देणाऱ्या कामानंतर कामगिरी सुधारायला दहा मिनिटं पुरत नाहीत, असं त्यात दिसलं. त्या कामांना मोठी सुट्टीच हवी.

आणि सुट्टीत मन कामातून सुटायला हवं. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने झोनेनटाग यांचं बरंचसं संशोधन याच मुद्द्यावर आहे. हे सुटणं एकट्या कर्मचाऱ्याच्या हातात नसतं. म्हणून साहेबलोकांना एक विनंती : जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या ग्रुपवर कामाचा मेसेज टाकू नका. तो अर्ध्या तासाने टाकला तरी चालतो.