कच्ची चिठ्ठी आणि पक्के बिल

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एस. टी. स्टँडसमोर माझ्या वडिलांचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे सहा बाकडी, दोन भट्ट्या आणि भजी, शेव, बुंदीचे लाडू ठेवलेले काचेचे एक कपाट. १९८४ च्या पावसाळ्यात एका दुपारी अन्न निरीक्षक आले. त्यांनी पिठाचा डबा उघडायला लावला, बेसन विकत घेतले, रोख पैसे दिले आणि त्याच्या पावतीवर वडिलांची सही घेतली. मग त्या बेसनाचे तीन सारखे भाग करून तीन बाटल्यांत भरले, बाटल्या कागदात गुंडाळून दोऱ्याने बांधल्या, वर लाखेचे सील लावले आणि शेजारच्या सायकलवाल्याला पंच म्हणून बोलावून त्याचीही सही घेतली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो आणि गल्ल्यावर बसलो होतो. सगळे इतके शांतपणे झाले, की काही विपरीत घडते आहे असे मला वाटलेच नाही.

काही आठवड्यांनी कळले, की बेसनात लाख सापडली. मला बाटलीवरची लाख आठवली. ही लाख वेगळी होती. विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, जिला लाखोळी म्हणतात ती डाळ. भावाने हरभऱ्याच्या डाळीपेक्षा स्वस्त, दळल्यावर पीठ बेसनासारखेच पिवळे, आणि महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर माणसाचे पाय लुळे पाडणारी. तिच्या विक्रीला तेव्हा बंदी होती. वडिलांवर भेसळीचा खटला उभा राहिला आणि तो नऊ वर्षे चालला.

मी वकील नाही. एका पतसंस्थेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात वाचत राहिलो. वडील गेल्यावर त्या खटल्याचे कागद कपाटात एका फडक्यात बांधलेले सापडले. ते समजावेत म्हणून मी कायद्याची पुस्तके उघडली आणि तिथून अन्नविषयक कायद्यांचा नाद लागला. हा लेख त्या नादातूनच आला आहे. यंदा तो लिहायला निमित्त मात्र झाले फराळाचे.

जुना कायदा काय म्हणत होता

अन्नातली भेसळ हा आपल्याकडे जुनाच प्रश्न. मुंबई इलाख्यात १९२५ साली भेसळविरोधी कायदा झाला. पुढे साऱ्या देशासाठी एकच असा अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली आला आणि १ जून १९५५ पासून तो लागू झाला. १९७६ साली त्यात कडक दुरुस्त्या झाल्या. भेसळीला साधारणपणे किमान सहा महिन्यांची कैद आणि किमान १,००० रुपये दंड ठरला. आरोपी अठरा वर्षांवरचा असेल, तर त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडून देण्याची वाटही बंद झाली. आणखी एक खुलासा त्याच वर्षी जोडला गेला: विक्रीचा पदार्थ करण्यासाठी साठवलेला कच्चा मालही विक्रीसाठी साठवल्यासारखाच धरावा. वडील बेसन विकत नव्हते, भजी विकत होते. पण या खुलाशामुळे त्यांच्या डब्यातले बेसन कायद्याच्या कक्षेत आले.

हा कडकपणा उगाच नव्हता. भेसळीने माणसे मरतात. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळलेल्या मोहरीच्या तेलाने अंगाला सूज येण्याची साथ आली आणि साठाहून अधिक माणसे दगावली. खाणाऱ्याला डब्यात काय आहे ते दिसत नाही. त्याच्या वतीने कोणी तरी झाकण उघडून पाहिलेच पाहिजे. अडचण त्यापुढची होती. ज्याच्याकडे बाटली भरली जाते तोच भेसळ करणारा असतो, असे नाही.

वडील वीस वर्षे एकाच घाऊक दुकानदाराकडून बेसन घेत. पोते दारात यायचे आणि पोत्याबरोबर वहीच्या अर्ध्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. त्यावर ना दुकानाचे नाव, ना तारीख. नुसते वजन आणि आकडा. महिनाअखेरीस हिशोब झाला की चिठ्ठ्या भट्टीत जायच्या.

जुन्या कायद्याचे १९ वे कलम मी पहिल्यांदा वाचले ते वडील गेल्यानंतर. त्याचा पहिला भाग सांगतो, की माल भेसळीचा आहे हे मला ठाऊक नव्हते, हा बचाव चालणार नाही. दुसरा भाग सांगतो, की विक्रेत्याने तो माल उत्पादकाकडून किंवा व्यापाऱ्याकडून लेखी हमीसह घेतला असेल, नीट साठवला असेल आणि आला तसाच विकला असेल, तर तो गुन्हेगार ठरणार नाही. बिलावर छापलेले हमीचे चार शब्दही पुरेसे होते. वडिलांच्या सुटकेची वाट त्या एका कागदावरून जात होती आणि तो कागद त्यांनी कधी मागितलाच नव्हता. वकिलाने विचारले, "बिलं आहेत का?" वडील म्हणाले, "वीस वर्षांचा व्यवहार आहे, बिल कशाला मागायचं?" घाऊक दुकानदाराने कोर्टाबाहेर सांगितले, की हे बेसन माझ्याकडचे कशावरून?

१९९३ साली वडील सुटले. कारण मात्र बेसनाशी संबंधित नव्हते. पहिला अहवाल मान्य नसेल तर उरलेल्या बाटलीची केंद्रीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासणी मागण्याचा हक्क १३ व्या कलमाने आरोपीला दिला होता. त्यासाठी अहवालाची प्रत त्याला मिळायला हवी. ती मिळाल्यापासून दहा दिवसांत अर्ज करायचा. वडिलांना प्रत पोहोचल्याचा पुरावा सरकारपक्षाला देता आला नाही. खटला पडला. बेसनात खरेच लाख होती का, असली तर ती कोणी मिसळली, गावात ते बेसन आणखी कोणी खाल्ले, यातले काहीच ठरले नाही. तोवर हॉटेल विकून चार वर्षे झाली होती आणि घाऊक दुकान तसेच चालू होते. कायद्याने खाणाऱ्याला वाचवले नाही आणि करणाऱ्यालाही नाही.

फराळाचा प्रश्न

आता यंदाचे निमित्त. माझ्या वहिनी पुण्यात असतात. दादा गेल्यावर त्यांनी घरी फराळ करून विकायला सुरुवात केली. भाजणीची चकली, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू. पहिल्या दिवाळीला इमारतीतली दहा घरे होती, यंदा बंगळुरूहूनही मागणी आली. गणपतीनंतर त्यांचा फोन आला. "भावजी, खालच्या मजल्यावरचे म्हणतात, परवाना नाही म्हणून तक्रार करू. तुरुंगात टाकतात का हो?" आमच्या घरात हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जात होता.

मी त्यांना जे सांगितले ते इथे थोडक्यात मांडतो, कारण अशा वहिनी घरोघरी आहेत.

१९५४ चा कायदा आता राहिलेला नाही. त्याच्या जागी अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो लागू झाला. त्यात अन्न व्यवसायाची व्याख्या फार रुंद आहे. नफ्यासाठी असो वा नसो, अन्न तयार करणे, साठवणे, वाहून नेणे, विकणे, सगळे त्यात येते. म्हणजे वहिनींचा ओटाही येतो. पण ३१ व्या कलमाने लहानांना परवान्यातून वगळले आहे. त्यांनी फक्त नोंदणी करायची. २०११ च्या नियमावलीत ही रेषा वर्षाला १२ लाख रुपयांच्या उलाढालीवर आखली गेली आणि नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले गेले. नियमावलीने अधिकाऱ्यालाही मुदत घातली: अर्ज आल्यापासून सात दिवसांत नोंदणी द्यायची, कारणे लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची. सात दिवसांत यातले काहीच झाले नाही, किंवा तीस दिवसांत निर्णय कळवला नाही, तर लहान उत्पादकाने व्यवसाय सुरू करायला हरकत नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. वहिनींना हे वाचून दाखवले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. सरकारी कागदात आपल्या बाजूचे वाक्य असते, याची आपल्याला सवयच नाही.

अशी वाक्ये आणखी आहेत. नमुन्याचे आता तीन नव्हे, चार भाग होतात, आणि विक्रेत्याने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. नमुन्याची किंमत अधिकाऱ्याने द्यायची. स्वच्छतेत त्रुटी आढळली तर ३२ व्या कलमाखाली आधी सुधारणेची नोटीस द्यायची आणि तिची मुदत चौदा दिवसांपेक्षा कमी असू शकत नाही. माल असुरक्षित ठरला तर तुरुंग आजही आहे आणि असायलाच हवा. पण मागितल्या दर्जाचा माल न दिल्याबद्दल आता दंड होतो. तो इतरांना ५ लाखांपर्यंत. ३१ व्या कलमातल्या लहानांना मात्र २५ हजारांपेक्षा जास्त नाही.

म्हणजे नवा कायदा लहानांना ओळखतो. तरी तो त्यांच्या स्वयंपाकघरात सहज मावत नाही. वहिनींच्या घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घरगुती वापरासाठी आहे. विक्रीचा फराळ तळायचा तर व्यावसायिक जोडणी घ्यावी लागते, १९ किलोच्या सिलिंडरची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकला तर जीएसटीची नोंदणी ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, पण चार किलो चकली बंगळुरूला विकली की राज्याची सीमा ओलांडली आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी आली. चकली तीच, कढई तीच.

सगळ्यात नवल वाटले ते लेबलाचे. पाकीटबंद पदार्थावर नाव, घटक उतरत्या क्रमाने, वजन, तारीख, शाकाहाराची हिरवी खूण, चौदा आकडी नोंदणी क्रमांक असे बरेच काही छापावे लागते. वहिनींनी हौसेने सगळे मराठीत लिहून आणले होते: हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. मी २०२० चे लेबलविषयक नियम काढले. हा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असला पाहिजे. दुसरी कोणतीही भाषा त्याच्या जोडीला चालेल, त्याच्याऐवजी नाही. याच राज्यात दुकानाची पाटी मराठीत नसली तर दंड होतो, आणि याच राज्यात केलेल्या भाजणीच्या चकलीवर नुसते मराठी लेबल मात्र पुरेसे नाही. हे दोन्ही कायदे आपापल्या जागी समजण्यासारखे आहेत. पाटी गावासाठी असते, पाकीट देशभर जाते. पण भाजणीला हिंदीत काय म्हणायचे, हे आम्हा दोघांनाही सुचले नाही. शेवटी 'भाजणी' तसेच ठेवले आणि खाली तिच्यातली धान्ये व डाळी हिंदीत लिहिल्या.

एक कागद

हे सारे सांगून झाल्यावर वहिनींनी विचारले, "यातलं सगळ्यात आधी काय करू?" मी म्हणालो, नोंदणी कराच, पण त्याच्याही आधी किराणा दुकानदाराकडून पक्के बिल घ्यायला लागा.

कारण त्या बाबतीत नवा कायदा जुन्याचाच वारस आहे. २६ व्या कलमानुसार विक्रेत्याला माल देणाऱ्याने लेखी हमी द्यायची असते, आणि बिल किंवा कॅश मेमो हीच ती हमी मानली जाते. २७ वे कलम उलट बाजूने तेच सांगते: माल कोणाकडून आला हे विक्रेत्याला सांगता आले नाही, तर जबाबदारी त्याच्यावरच येते. ८० व्या कलमात योग्य काळजी घेतल्याचा बचाव आहे. पण काळजी घेतली हे दाखवायचे कशाने? पुन्हा कागदानेच. ज्याने माल दिला त्याच्यापर्यंत मागे जाण्याची ही एकच पायवाट आहे. ती तुटली की चौकशी सर्वांत खालच्या, सर्वांत लहान माणसापाशी येऊन थांबते. खाणाऱ्याचेही त्यात नुकसानच, कारण भेसळ जिथे झाली तिथपर्यंत कोणी पोहोचतच नाही.

मी पुण्याला गेलो तेव्हा वहिनींबरोबर त्यांच्या किराणा दुकानात गेलो. वीस किलो हरभरा डाळ, दहा किलो पोहे, तेलाचे डबे. वहिनींनी बिल मागितले. मालक हसून म्हणाला, "ताई, इतकी वर्षं माल घेताय, बिल कशाला?"

वहिनी क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. हे वाक्य त्यांनी आमच्या घरात अनेकदा ऐकले होते. मग त्या दुकानदाराला शांतपणे म्हणाल्या, "तेवढं नाव आणि तारीख घालून द्या. मी थांबते."

त्या पाऊण तास थांबल्या. बिल मिळाले. आता त्यांच्या स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्याशेजारी एक फाइल असते. तिच्यात पहिला कागद नोंदणीचा आहे आणि दुसरा त्या डाळीच्या बिलाचा.