रांग हवेतली, रांग दारातली

गेल्या वर्षी माझ्या मुलीची नोकरीसाठीची मुलाखत घरूनच, लॅपटॉपवर झाली. प्रश्न संपताच ती बोलत होती. पण तिचा आवाज पलीकडे पोहोचायला सेकंदभर लागत होता. "प्रश्न कळला ना?" असे तिला दोनदा विचारले गेले. नोकरी मिळाली नाही. कारण तेच होते असे मी म्हणणार नाही. पण उशीर यंत्राचा आणि मंद ठरली मुलगी, हे मनात सलत राहिले. त्याच वेळी वरच्या मजल्यावर पुतण्याचा फोन लग्नाचे व्हिडिओ क्लाउडवर चढवत होता, हे नंतर कळले.

"इंटरनेटचा वेग वाढवा," असा सल्ला मिळाला. जास्त पैसे भरून तो वाढवला, त्रास तसाच. मी अभियंता नाही, रेडिओ दुरुस्त करता करता वाचत गेलेला माणूस. वर्षभर वाचून आणि घरातच मोजून जे उमगले, ते इथे मांडतो.

आवाजाच्या संभाषणाला सेकंदाला शंभर किलोबिट पुरतात. त्याला हवा असतो वक्तशीरपणा. बोललेले 150 मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचले तर बहुतेक संभाषणे सुरळीत होतात, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते.

वाय-फायवर हा वेळ पहिल्यांदा हवेत जातो. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे, हा तिथला नियम. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, मग मनात एक आकडा धरून उलटे मोजते आणि शून्यावर बोलते. दोघांचे शून्य एकदम आले की टक्कर. मग आणखी मोठ्या आकड्यांतून निवड. साध्या डेटासाठी ही निवड 0 ते 15 पासून सुरू होते आणि 1023 पर्यंत वाढू शकते. 2005 साली मानकात सुधारणा होऊन आवाज, चित्र, साधा डेटा आणि मागे राहिला तरी चालेल असा डेटा, असे चार वर्ग झाले. आवाजाला 0 ते 3 मधूनच आकडा मिळतो, म्हणून त्याची पाळी लवकर येते. मात्र पॅकेटवर तशी खूण हवी. शिवाय सगळेच 'आवाज' म्हणवू लागले, तर चारच आकड्यांत टकरा वाढणार.

दुसरी गोम 2003 साली ग्रनोबलच्या संशोधकांनी दाखवली. पाळ्या समान वाटल्या तरी वेळ समान वाटला जात नाही. 1500 बाइटचे पॅकेट 11 मेगाबिटने साधारण एका मिलिसेकंदात जाते. 1 मेगाबिटने त्याला 12 लागतात. लांबच्या खोलीतले एक मंद उपकरण सगळ्यांना आपल्या चालीवर आणते.

पण माझ्या घरचा मुख्य चोर दारात होता. राउटरमधून बाहेर पडताना पॅकेटांची रांग लागते. स्मृती स्वस्त झाली तशा या रांगा लांबत गेल्या. हिशेब करा: 1500 बाइटची हजार पॅकेटे म्हणजे 1 कोटी 20 लाख बिट. बाहेर जाणारा मार्ग 10 मेगाबिटचा असेल, तर शेवटच्या पॅकेटाला 1.2 सेकंद थांबावे लागते. पोस्टाच्या खिडकीवर दोनशे रजिस्टर पत्रांचा गठ्ठा घेऊन आलेल्या कारकुनामागे एक कार्ड घेऊन उभे राहावे, तसे. जिम गेटिस यांनी 2010 च्या सुमारास स्वतःच्या घरात हेच पाहिले आणि या दुखण्याला 'बफरब्लोट' हे नाव दिले. पॅकेट हरवले की पाठवणारा वेग कमी करतो. पण लांबलचक रांग काही हरवूच देत नाही, म्हणून तो लोटतच राहतो.

कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 साली उपाय मांडला: रांगेची लांबी पाहू नका, पॅकेट किती वेळ थांबले ते पाहा. थांबणे 100 मिलिसेकंदांच्या काळात सतत 5 मिलिसेकंदांवर राहिले, तर एखादे पॅकेट मुद्दाम टाकून द्या. याला जोड मिळाली ती प्रत्येक प्रवाहाच्या वेगळ्या रांगेची. कार्डवाल्याला गठ्ठ्यामागे थांबावे लागत नाही. 2017 साली स्वीडनच्या कार्लस्टाड विद्यापीठातील टोके हॉयलंड-यॉर्गनसेन आणि सहकाऱ्यांनी हे वाय-फायमध्ये आणले आणि पाळीऐवजी हवेतला वेळ समान वाटला. भार असतानाचा उशीर सुमारे दहापट घटला. ते काम लिनक्समध्ये आले आहे.

घरी मी जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मोफत प्रणाली बसवली आणि बाहेर जाणारा वेग प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगापेक्षा थोडा कमी बांधला. त्यामुळे रांग पुढच्या, आपल्या हाती नसलेल्या यंत्रात न लागता माझ्याच राउटरमध्ये लागते आणि तिथे तिला शिस्त लावता येते. टीव्हीला तार जोडली. हवेतली एक पाळी वाचली.

वाचकांनी एक साधी चाचणी जरूर करावी. मोठी फाइल चढवत ठेवा आणि त्याच वेळी पिंग आज्ञेने उत्तराचा वेळ मोजा. आकडा एकदम फुगला, तर वेगाचे पैसे भरण्याआधी रांग तपासा.

मुलीची पुढची मुलाखत या दिवाळीनंतर आहे. पुतण्याला व्हिडिओ चढवायला मी मनाई केलेली नाही.