पाण्याची वर्दी देणारे जाळे : संवेदक, बिनतारी संदेश आणि अल्गोरिदम

२ डिसेंबर २०१५ रोजी सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या तांबरम येथे ४९ से.मी. पावसाची नोंद झाली. अड्यार नदीच्या काठावरील मुडिचूर, वरदराजपुरम या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पुढे सर्वाधिक चर्चा झाली ती चेंबरंबक्कम जलाशयातून सोडलेल्या सेकंदाला २९ हजार घनफूट पाण्याची. ती चर्चा योग्यच होती. तथापि या जलाशयाचे पाणी तिरुनीरमलैजवळ अड्यारला मिळते आणि मुडिचूर त्या संगमाच्या वरच्या अंगाला आहे. तांबरमच्या पश्चिमेस शिरलेले पाणी मुख्यत्वे आदनूर, मणिमंगलम अशा तलावांच्या साखळीतून वाहत आले होते. मोठ्या जलाशयाची पातळी तासातासाला मोजता येते. विखुरलेल्या लहान तलावांवर रात्रंदिवस माणूस नेमणे मात्र कोणत्याही प्रशासनास परवडणारे नाही. नेमक्या याच ठिकाणी बिनतारी संवेदक-जाळ्याची उपयुक्तता ध्यानात येते.

संवेदक-जाळ्यातील प्रत्येक घटक म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पेटी असते. तीत पाण्याची पातळी, ओलावा किंवा कंप मोजणारे उपकरण, छोटा संगणक, रेडिओ आणि बॅटरी एवढेच असते. यांपैकी सर्वांत खर्चिक बाब कोणती? मोजणी नव्हे, आकडेमोडही नव्हे, तर बोलणे. रेडिओ अखंड चालू ठेवल्यास २० मिलिअँपिअर वीज लागते असे धरले, तर २५०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १२५ तासांत, म्हणजे जेमतेम पाच दिवसांत संपेल. तोच रेडिओ शंभरातील एकच क्षण जागा ठेवला, तर बॅटरी वर्षभराहून अधिक टिकू शकते. परंतु झोपलेल्या संवेदकाशी शेजाऱ्याने बोलायचे कसे? दोघांनी एकाच वेळी जागे व्हायला हवे, आणि त्यासाठी दोघांची घड्याळे जुळायला हवीत. या वेळा ठरवून देणारी पायरीबद्ध रीत म्हणजेच अल्गोरिदम.

अंतराचा हिशोबही असाच आहे. मोकळ्या जागेत संदेशासाठी लागणारी ऊर्जा साधारणपणे अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० मीटर एका दमात गाठण्यास १०,००० एकक ऊर्जा लागत असेल, तर दहा-दहा मीटरच्या दहा टप्प्यांत तेच काम १,००० एककांत होते. प्रत्यक्षात संदेश स्वीकारण्यासही वीज खर्च होत असल्याने बचत एवढी मोठी नसते. शिवाय एक नवी अडचण उभी राहते. केंद्राजवळचे संवेदक सर्वांचे निरोप पुढे पोचवून आधी थकतात.

या अडचणीवरचा एक गाजलेला उपाय २००० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील वेंडी हाइन्झेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी मांडला. तो ‘लीच’ या नावाने ओळखला जातो. चंद्रकासन यांचा जन्म चेन्नईचा. बालकृष्णन नागपूरला जन्मले आणि आय.आय.टी. मद्रासमध्ये शिकले. या रीतीत संवेदकांचे गट पडतात. गटप्रमुख सर्वांची मोजमापे गोळा करून त्यांचे सार केंद्राकडे धाडतो. हे जड काम एकाच्याच माथी राहू नये म्हणून गटप्रमुख यदृच्छेने आणि पाळीपाळीने बदलतो. गावातील पाणीवाटपाची पाळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातील न्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

दोन संवेदक एकाच क्षणी बोलले तर दोन्ही संदेश बिघडतात. हवाई बेटांवर १९७० च्या सुमारास उभारलेल्या ‘अलोहा’ या बिनतारी जाळ्यात हवे तेव्हा बोलावे, टक्कर झाल्यास थोडे थांबून पुन्हा बोलावे, अशी रीत होती. तिच्यात वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेचे समान तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलण्याचे बंधन घातले की हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३७ टक्के होते. परीक्षार्थींनी हे दोन आकडे आणि त्यांमागील कारण लक्षात ठेवावे.

बिघडलेला साक्षीदार

पुराच्या वेळी गाळात रुतलेला संवेदक खोटेही सांगू शकतो. पाच संवेदकांनी पातळी २.१, २.२, २.२, २.३ आणि ९.० मीटर कळवली असे समजा. सरासरी ३.५६ मीटर येते आणि सायरन विनाकारण वाजतो. मध्यक मात्र २.२ वरच राहतो. बिघडलेला घटक प्रत्येकाला निराळे सांगत असेल तर प्रश्न अधिक बिकट होतो. लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीज यांनी १९८२ मध्ये दाखवले की, असा एक घटक असताना उरलेल्यांचे एकमत घडवण्यास एकूण किमान चार घटक लागतात.

संवेदक वाहून गेल्यास त्याची जागा फिरते यंत्रमानव घेऊ शकतील. येथे एक चकित करणारा निष्कर्ष आहे. स्मरणशक्ती व समान दिशाज्ञान नसलेल्या दोन सारख्या यंत्रांना एका बिंदूवर भेटण्याची खात्रीशीर रीत देताच येत नाही. दोघांनी मध्यबिंदूकडे जायचे ठरवले आणि दर वेळी एकच जागा झाला, तर अंतर निम्मे होत राहते, शून्य कधीच होत नाही. परस्परांच्या जागी जायचे ठरवले आणि दोघे एकदम निघाले, तर ते फक्त जागा बदलतात. या प्रश्नाच्या विविध रूपांवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतही संशोधन झाले आहे.

हे सारे केवळ कागदावर राहिलेले नाही. केरळातील मुन्नारजवळ अमृता विद्यापीठाने डोंगरउतारात बसवलेल्या संवेदक-जाळ्याच्या आधारे जुलै २००९ मध्ये दरड कोसळण्याचा इशारा देण्यात आला. आय.आय.टी. मुंबईने नाशिकच्या द्राक्षमळ्यात असेच जाळे वापरून पाहिले. चेन्नईसाठी २०१९ मध्ये पूर-इशारा प्रणाली तयार झाली, तीत आय.आय.टी. मुंबई, आय.आय.टी. मद्रास आणि अण्णा विद्यापीठ यांचा सहभाग होता. पावसाच्या अंदाजावरून, आधीच तयार केलेल्या पूर-नकाशांच्या संचातून जवळचा नकाशा निवडणे हे तिचे तत्त्व आहे.

अंदाज चुकला तर नकाशाही चुकतो. तलावाच्या सांडव्यावरचे प्रत्यक्ष मोजमाप ही चूक तासाभरात उघड करू शकते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तांबरमसारख्या ठिकाणी पहिला खर्च तेथेच व्हावा. अर्थात पेटी बसवण्याच्या निधीबरोबर दर पावसाळ्यापूर्वी ती उघडून गाळ काढणाऱ्या आणि बॅटरी बदलणाऱ्या माणसाच्या वेतनाची तरतूदही अंदाजपत्रकात असावी लागेल.