ट्यूबलाइटने केला घोटाळा!

आमच्याकडे धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा, सगळं कसं साग्रसंगीत! संध्याकाळी मीच मोबाइलवर फोटो काढले आणि परगावी नोकरीला असलेल्या भाऊजींना पाठवले. पाचच मिनिटांत त्यांचा फोन!

"वहिनी, हिची तब्येत बरी आहे ना? चेहरा असा हिरवट का दिसतोय? माझ्यापासून काही लपवत नाही ना?"

ती तर चांगली टवटवीत होती! किती सांगितलं तरी त्यांना पटेना. दोष होता डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा.

त्याचं असं आहे, मैत्रिणींनो, ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ असते. विजेमुळे तिच्यातून डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण निघतात आणि काचेच्या आतला पांढरा लेप त्यांचा उजेड करतो. या उजेडात हिरवा रंग जास्त, लाल कमी. आपली नजर ते आपोआप सावरून घेते, कॅमेऱ्याला मात्र ते दर वेळी जमत नाही. फिल्मच्या काळात म्हणूनच भिंगापुढे गुलाबी-जांभळट फिल्टर लावत. हल्लीच्या स्वस्तातल्या काही एलईडी दिव्यांतही लाल रंग कमीच पडतो, बरं का!

मग करायचं काय?

दिवसा कार्यक्रम असेल तर ट्यूब बंद करा आणि उत्सवमूर्तीला खिडकीजवळ बसवा. रात्री एकाच प्रकारचे दिवे ठेवा. एका गालावर ट्यूब आणि दुसऱ्यावर पिवळा बल्ब असला, की एक गाल सुधारताना दुसरा बिघडतो.

कॅमेऱ्यात 'व्हाइट बॅलन्स' असेल, तर ट्यूबचं चित्र असलेली खूण निवडा. फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते.

आणि माझी आवडती युक्ती! पहिल्या फोटोत तिच्या हाती कोरा पांढरा कागद द्या. नंतर फोटो सुधारताना 'टिंट' हिरव्याकडून गुलाबीकडे हळूहळू सरकवा. कागद पांढरा दिसला, की थांबा. तेवढाच फरक त्याच दिव्याखालच्या बाकीच्या फोटोंना करा.

हे सारं मी नंतर शिकले. त्या वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी जावेला खिडकीत बसवून एक फोटो काढला आणि पाठवला. भाऊजींचं उत्तर आलं, "आत्ता कुठे घास घशाखाली उतरला!"