मॉनिटर घेताना नुक्ते नीट दिसतात का?
मॉनिटर घेताना आपण आधी इंच विचारतो. पण २४ इंची आणि २७ इंची फुल एचडी, दोन्हीत ठिपके तेवढेच: १९२० बाय १०८०. मोठ्या पडद्यावर ते पसरतात, अक्षर जाडंभरडं दिसतं. मराठी तरी निभावतं. उर्दू नस्तालीकमध्ये बारीक अक्षरात 'पे'चे तीन नुक्ते एकमेकांना चिकटले की मुलं 'बे' वाचतात. २७ इंचच हवा तर २५६० बाय १४४० घ्यावा, पैसे जास्त पडतील. एका पडद्यासमोर चार मुलं बसणार असतील तर आम्ही आयपीएस पॅनल सुचवू. व्हीएमध्ये काळा रंग गडद, सिनेमाला छान, पण बाजूने फिकट दिसतो. १४४ हर्ट्झ गेमवाल्यांना लखलाभ. दुकानात डेमो व्हिडिओवर जाऊ नका. पेनड्राइव्हमध्ये उर्दूचं एक पान न्या, तेच उघडायला सांगा.