नदीचा खर्च कोण उचलणार?

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या कृष्णपुरा छत्र्यांखालून कान्ह नदी वाहते. बरीच वर्षं ती नालाच होती. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी 1918 मध्ये नगररचनेचा अहवाल दिला, त्यातही नद्यांच्या सफाईवर भर होता. शतक उलटलं, तरी काम तेच.

2021 मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारं शहर, ठरलं. त्याआधी महापालिकेने नाल्यांत थेट सांडपाणी सोडणारी हजारो घरांच्या वाहिन्यांची तोंडं बंद करून ती घरं मलवाहिन्यांना जोडली. पुढच्या शुद्धीकरण केंद्रांसाठी गंगा शुद्धीकरणाच्या ‘नमामि गंगे’ योजनेतून सुमारे 511 कोटी मंजूर झाले. कान्ह क्षिप्रेला मिळते आणि तिचं पाणी अखेर गंगेच्या खोऱ्यात जातं, म्हणून ही वाट खुली झाली.

फेब्रुवारी 2023 मध्ये महापालिकेने 8.25 टक्के व्याजाचे 244 कोटींचे हरित रोखे काढले. मागणी कितीतरी पट आली. पण तो पैसा नदीसाठी नव्हे, जलूदच्या सौर प्रकल्पासाठी. शहरासाठी नर्मदेचं पाणी उपसण्याचं वीजबिल त्यातून वाचतं, आणि वाचलेल्या बिलातून व्याज फेडता येतं. स्वच्छ नदी बिल पाठवत नाही, त्यामुळे तिच्यासाठी रोखे काढणं अवघड. तिला अनुदानच लागतं, तेही बहुधा क्षिप्रेकाठी उज्जैनला भरणाऱ्या सिंहस्थाच्या तोंडावर. तिथला पुढचा 2028 मध्ये.