पद्मिनी अजून धावतेय, ती यांच्यामुळे

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी निवृत्त झाली. टॅक्सीची २० वर्षांची वयोमर्यादा संपली होती. खासगी पद्मिनी मात्र आजही रस्त्यावर दिसतात. त्यामागे शौकिनांची रविवारची मेहनत आहे.

मुळात इटलीच्या फियाटची ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, आणि बहुतेक सगळं साध्या पान्याने उघडणारं! गाडी धक्के देऊ लागली की आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेजने गॅप लावायची. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची पंपातच वाफ होते, इंजिन बंद पडतं. पंपावर ओलं फडकं ठेवलं की थोड्या वेळात ते पुन्हा सुरू होतं. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप खराब होतात, म्हणून ते वेळेत बदललेले बरे.

जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या दिवशी हीच शौकीन मंडळी स्वयंसेवक होतात. कुणी वळणावर झेंडी घेऊन उभं, कुणी ताफ्याच्या मागे दोर, फॅनबेल्ट, कंडेन्सर आणि पाण्याचे कॅन घेऊन. एखादी गाडी थांबली की मालक उतरायच्या आत बॉनेट उघडलेलं असतं. ही आपुलकी फार मोलाची.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्तीसाठी चालते. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता या वयात पोचताहेत, तेव्हा घरात जुनं आरसी बुक असेल तर शोधून ठेवा.